तळं हिरवं झालंय आणि मी कमिटीवर आहे

काठावरचा | ७ जुलै

मंडळी, मदत हवी आहे. जरा लांबण लागेल.

आम्ही उत्तर न्यू जर्सीत एका लहानशा तळ्याच्या काठी राहतो. नाव लिहीत नाही, कारण कॉलनीतलं एक नागपूरकर जोडपं इथे वाचनमात्र असतं. (नमस्कार वहिनी.) सत्तर-ऐंशी घरं, मधे तळं, एका टोकाला छोटा बांध, दुसऱ्या टोकाला पोहायचा किनारा आणि एक लाकडी धक्का. आठ वर्षांपूर्वी घर बघायला आलो तेव्हा एजंटबाई बाथरूमच्या टाइल्स दाखवत होत्या आणि मी खिडकीतून पाणी बघत होतो. घर तिथेच घेतलं गेलं.

चार जुलैच्या सुट्टीत पाहुणे होते. सकाळी चहाचा कप घेऊन धक्क्यावर गेलो तर पाणी हिरवं. दर वर्षी थोडं असतं तसं नव्हे. रात्रीतून कोणी ऑइलपेंटचे डबे ओतून गेल्यासारखं. वाऱ्याने सगळा थर आमच्या कोपऱ्यात लोटला होता आणि काठाशी त्याला निळसर कड आली होती. वास म्हणाल तर अळूचं फदफदं डब्यात चार दिवस विसरल्यावर येईल तसा. पाहुण्यांच्या पोरांना पोहायचं होतं, त्यांना गॅरेजमध्ये कॅरम मांडून दिला. दोन दिवसांनी एक माणूस येऊन बाटल्या भरून घेऊन गेला आणि किनाऱ्यावर पाटी लागली: पाण्यात उतरू नका, कुत्री सोडू नका, मासे खाऊ नका.

आता अडचण. मी लेक कमिटीवर आहे. निवडून वगैरे आलो नाही. मार्चच्या सभेला बटाटेवडे घेऊन गेलो होतो, उठताना कमिटीवर होतो. काल तातडीची सभा झाली. एक गट म्हणतो, कंत्राटदार बोलवा, कॉपर सल्फेट मारा, शनिवारपर्यंत पाणी स्वच्छ. दुसरा म्हणतो, निसर्ग आहे, थंडीत आपोआप जाईल. तिसऱ्याला मधोमध कारंजं हवंय, कॅटलॉगसकट आले होते. मतदान १६ ऑगस्टला. तोवर मला काहीतरी मत असणं अपेक्षित आहे. मी सॉफ्टवेअरवाला, शेवाळाशी माझा संबंध न्हाणीघरात घसरण्यापुरता.

इथल्या जर्सीकरांना २०१९ चं लेक हपॅटकाँग आठवत असेल. राज्यातलं सगळ्यात मोठं तळं, जूनच्या शेवटी इशारा निघाला आणि त्यांचा अख्खा उन्हाळा बुडाला. होड्या भाड्याने देणारे हात चोळत बसले. तेव्हा आम्ही बातम्या बघत 'बिचारे' म्हणत होतो.

कोणाला अनुभव आहे का?

अर्धाकप | ७ जुलै

फोटो दिसत नाहीयेत. अळूच्या फदफद्याचा अपमान केल्याबद्दल निषेध.

रंकाळाप्रेमी | ८ जुलै

काय सांगू राव, तुमचं वाचून २०१० च्या आसपासचा आमचा रंकाळाच डोळ्यापुढं आला. संध्याकाळी चौपाटीवर भेळ खायला जायचं तर एका हातात भेळ आणि दुसऱ्या हातानं नाकाला रुमाल. पाणी असं हिरवं की शालिनी पॅलेसची सावली पण पडंना. पाहुणे कोल्हापूरला आले की अंबाबाई झाल्यावर रंकाळा दाखवायचा ही आपली रीत, त्या वर्षांत आम्ही थेट पन्हाळ्याला न्यायचो.

शेवाळ काढायला माणसं लावली, औषधं झाली, हवा सोडून झाली. आणि उपनगरांतले नाले तसेच चालू. वरनं काढायचं आणि मागनं भरायचं. नाले वळवाय लागले तेव्हा कुठं फरक दिसाय लागला, तो पण अजून पुरता नाही.

एक करा. पाण्याकडं बघू नका. पाण्याकडं पाठ करून उभं रहा आणि वरच्या अंगाला बघा काय काय आहे ते.

बुरसट | ८ जुलै

रंकाळाप्रेमींना अनुमोदन. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून थोडी मास्तरकी.

तुमच्या वर्णनावरून हे बहुधा शेवाळच नाही. निळं-हिरवं शेवाळ म्हणतात खरं, पण ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. सूर्यप्रकाशावर जगतात म्हणून वनस्पतींच्या पंगतीत बसवले गेले. त्यातल्या मायक्रोसिस्टिससारख्यांच्या पेशीत हवेच्या बारीक नळकांड्या असतात. त्यामुळे वारा पडला की ते तरंगत वर येतात आणि सकाळी तुम्हाला 'रात्रीतून' झाल्यासारखं दिसतं. वाढ तर आधीपासून चालू असते, रात्रीतून फक्त वर येणं होतं. काठाशी निळा रंग दिसला तो मेलेल्या पेशींतून बाहेर पडलेला फायकोसायनिन हा रंग.

घरच्या घरी दोन गोष्टी करून बघा, हातमोजे घालून. लांब काडी पाण्यात बुडवून उचला. केसांचे गुंतवळ लोंबकळले तर ते तंतुमय शेवाळ, घाण दिसतं पण बहुतेकदा निरुपद्रवी. काडी रंगाच्या डब्यातून काढल्यासारखी निघाली तर सायनो. दुसरं, काचेची बरणी पाऊण भरा, झाकण लावून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा, अजिबात हलवू नका. सकाळी हिरवा थर वर जमला असेल तर संशय बळकट.

विष आहे की नाही हे मात्र यातून कळत नाही. एकच जात कधी विष करते, कधी नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच. तुमच्या राज्यात २०२० पासून पायऱ्या ठरल्या आहेत: मिलिलिटरमध्ये २०,००० पेशी झाल्या की लक्ष ठेवायचं, ८०,००० झाल्या की पोहायचा किनारा बंद. म्हणजे तुमचा आकडा वरचा असणार. मागून घ्या.

अर्धाकप | ८ जुलै

बरणी फ्रिजमध्ये ठेवताना तिच्यावर नाव लिहा. आमच्याकडे कोणीही पुदिन्याची चटणी समजून सँडविचला लावेल.

मोत्याची_आई | ८ जुलै

मी प्राण्यांची डॉक्टर आहे, नॉर्थ कॅरोलायनात. चेष्टा बाजूला ठेवून सांगते: कुत्र्यांचं गंभीरपणे घ्या. कुत्रं पाणी पितं, त्यात लोळतं आणि मग अंग चाटतं, म्हणजे डोस दोनदा. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या राज्यात विल्मिंग्टनला एका तळ्यात खेळून आलेली तीन कुत्री काही तासांत गेली. उलट्या, लाळ, झोकांड्या, झटके यातलं काहीही दिसलं तर 'बघू सकाळी' करू नका. आणि पाण्यात गेलंच तर चाटायच्या आत नळाच्या पाण्याने धुऊन काढा.

टोलेडोकर | ९ जुलै

तुम्ही निदान ते पाणी पीत नाही. आम्ही पीत होतो.

२ ऑगस्ट २०१४, शनिवार. पहाटे फोन वाजायला लागले की शहराचं नळाचं पाणी पिऊ नका. लेक ईरीच्या पश्चिम टोकातून टोलेडोचं पाणी येतं, तिथे हिरवा थर पसरलेला आणि शुद्धीकरण झालेल्या पाण्यातही मायक्रोसिस्टिन, म्हणजे या सायनोंचं विष, मर्यादेच्या वर निघालं. चार लाखांहून जास्त लोक. सात वाजता दुकानात गेलो तर बाटल्यांची फळी रिकामी. एक गृहस्थ बर्फाच्या पिशव्या उचलत होते. मी नारळपाण्याचे डबे घेऊन आलो.

मुलगी तेव्हा चार महिन्यांची, दूध पावडरचं. नाशिकला आईला फोन केला. ती म्हणाली, एवढं काय, उकळून घे. तिला समजावताना घाम फुटला की आई, हे उकळून जात नाही. उलट पाणी आटतं आणि विष तेवढंच राहतं, म्हणजे जास्त दाट. ती म्हणाली, असलं कसलं पाणी तुमच्या अमेरिकेत. सोमवारी सकाळी बंदी उठली. महापौरांनी सगळ्यांसमोर ग्लासभर पाणी पिऊन दाखवलं. आम्ही अजून महिनाभर बाटलीचंच पीत होतो.

कारण विचाराल तर मॉमी नदी. सगळा मका-सोयाबीनचा सपाट प्रदेश, जमिनीखाली निचऱ्याचे पाइप, वसंतातल्या पावसात खत आणि शेणखताचं पाणी थेट नदीत. साठच्या दशकात लेक ईरी 'मेलं' म्हणत होते. १९७२ च्या कॅनडा-अमेरिका करारानंतर सांडपाण्यातला फॉस्फरस आवळला, तळं सुधारलं. मग शेतांकडून पुन्हा बिघडलं.

कशाला_उगाच | ९ जुलै

म्हणजे शेवटी दोष शेतकऱ्याचाच. हे ठरलेलंच असतं. धागाकर्त्याच्या तळ्याभोवती तर शेत नाही ना? मग खत आलं कुठून? उन्हाळे गरम झाले म्हणून होतंय हे, त्याला कमिटी काय करणार? मारा मोरचूद (तेच ते कॉपर सल्फेट) आणि पोहा.

निफाडचा_बागाईतदार | ९ जुलै

मोरचुदाचं नाव निघालं म्हणून बोलतो. आमच्या द्राक्षबागेत चुना आणि मोरचूद मिसळून बोर्डो वर्षानुवर्षं मारतोय. बुरशीला चांगलं. पण तांबं जात नाही कुठे, मातीत साठत राहतं. तुमच्या तळ्यात मारलं तर तळाच्या गाळात बसेल. पुढे गाळ काढायची वेळ आली तर तो टाकायचा कुठे, हे आजच विचारून घ्या कंत्राटदाराला.

आता मला एक सांगा. मी युट्यूबवर बघतो, तिकडे लोक हिरवळीला खत देतात, पाणी देतात, मग मशीन फिरवून कापतात आणि ते गवत कचऱ्यात देतात. जनावर नाही घरात. मग गवत वाढवता कशाला?

काठावरचा | ९ जुलै

निफाडकर, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. उद्या शेजाऱ्याला विचारतो.

बुरसट | १० जुलै

मोरचुदाबद्दल आणखी एक, आणि हे कमिटीत वाचून दाखवा. तांब्याने पेशी मरतात म्हणजे फुटतात, आणि आतलं विष एकदम पाण्यात येतं. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पाम आयलंडवर लोकांनी पाण्याला वास येतो अशी तक्रार केली, म्हणून धरणात कॉपर सल्फेट टाकलं. काही दिवसांत शंभरावर लोक, बहुतेक मुलं, यकृत आणि आतड्याच्या त्रासाने इस्पितळात. बराच काळ कोणाला कारणच समजेना. नंतर शोध लागला तो सिलिंड्रोस्पर्मोप्सिन या सायनोंच्या विषाचा.

शिवाय मेलेल्या पेशी तळाशी कुजतात, प्राणवायू खातात, मासे मरतात आणि त्यांच्यातला फॉस्फरस पुढच्या पिढीला हजर.

कशाला_उगाच, गरमी हे कारण आहेच. सायनोंना पंचवीस अंशांच्या वरचं पाणी मानवतं. पण उबदार पाण्यात खायला काही नसेल तर ते वाढणार कशावर? १९७३ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओत डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने तळं क्रमांक २२६ मधोमध पडदा लावून दोन भागांत तोडलं. तळं तेच, ऊन-पाऊस तोच. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकला, एका बाजूला फक्त फॉस्फरस जास्तीचा. विमानातून काढलेला फोटो आहे: एक अर्धं गडद निळं, दुसरं कैरीच्या पन्ह्यासारखं. डिटर्जंटवाले तोपर्यंत कार्बनला दोष देत होते, त्या फोटोनंतर त्यांची पंचाईत झाली. पुढे नायट्रोजनवरूनही वाद रंगले, ते अजून चालू आहेत. पण गोड्या पाण्याच्या छोट्या तळ्यात पहिला संशयित फॉस्फरस.

स्वयंपाकघरातून | १० जुलै

बुरसटताई, माझ्या यजमानांना त्यांच्या मित्राने स्पिरुलिनाच्या गोळ्या दिल्यात. ते पण हेच का??

बुरसट | १० जुलै

खानदान तेच, जात वेगळी. स्पिरुलिना नीट टाक्यांत वाढवलेलं असेल तर चिंता नको. नैसर्गिक तळ्यातून गोळा केलेल्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या गोळ्याही विकतात, ओरेगनमधल्या क्लॅमथ तळ्यातल्या अशा मालात मायक्रोसिस्टिन सापडलं होतं. डबीवर काय लिहिलंय बघा.

अवांतर: आपल्या लोणारचं पाणी एरवी हिरवं असतं ते याच स्पिरुलिनाच्या भावकीमुळे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं तो वेगळा प्रकार, क्षारात वाढणारे हॅलोआर्किया. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासलं होतं. आणि भातखाचरात निळं-हिरवं शेवाळ मुद्दाम सोडतात, हवेतला नायट्रोजन पकडून देतं म्हणून. सगळीच वाईट नाहीत बिचारी.

पाषाणकर | १० जुलै

पुण्यातही तलावांवर हाच हिरवा गालिचा असतो. दर वर्षी काढतात, दर वर्षी येतो.

बुरसट | १० जुलै

ती जलपर्णी हो. तिला पानं, मुळं, जांभळी फुलं असतात. रोग वेगळा पण जेवण एकच, सांडपाणी.

मॅडिसनी | ११ जुलै

विस्कॉन्सिनमधून. आमच्या लेक मेंडोटाभोवती गाईच गाई, त्यामुळे शेणखत हा मोठा भाग. पण शहरातलं एक सांगते जे मला ऐकून पटलं नव्हतं: झाडांची पानं. गटारीच्या कडेला पडलेल्या पानांवर पाऊस पडला की चहा मुरतो तसा फॉस्फरस मुरून बाहेर येतो आणि रस्त्यावरच्या जाळीतून थेट तळ्यात. इथे मॅडिसनमध्येच दोन वस्त्यांची तुलना झाली. जिथे पावसाआधी रस्त्यावरची पानं उचलली तिथे त्या मोसमातला फॉस्फरस ८४ टक्क्यांनी कमी निघाला. काठावरचा, तुमच्याकडे ओक-मेपल असतीलच. शरदात लोक पानं ब्लोअरने कुठे ढकलतात ते बघून ठेवा.

काठावरचा | १४ जुलै

अपडेट. कळफलक जपून वापरतोय, कारण यात मी स्वतः आहे.

शनिवारी दुपारी धो धो पाऊस झाला. रंकाळाप्रेमींचं ऐकून छत्री घेऊन तळ्याकडे पाठ करून उभा राहिलो. बायको खिडकीतून बघत होती, काही बोलली नाही. मग पाण्याच्या उलट दिशेने चालत गेलो. वरच्या रस्त्याखालून एक मोठा पाइप येतो, तो मी आठ वर्षांत कधी पाहिलाच नव्हता, फर्नमध्ये दडलाय. त्यातून दुधाच्या चहाच्या रंगाचं पाणी येत होतं. वर एका घराचं बांधकाम चालू आहे, मातीचा ढीग उघडा. त्याखाली तीन घरांची लॉन, गोल्फच्या मैदानासारखी, कंपनीची गाडी येऊन फवारून जाते. एका ठिकाणी खताचे दाणे सिमेंटच्या रस्त्यावर सांडलेले, पावसात विरघळत होते. पायाने सारून बघितले, साबुदाण्याएवढे.

शेजाऱ्याला निफाडकरांचा प्रश्न विचारला. तो हसला आणि म्हणाला, शेजारच्याचं हिरवं असतं म्हणून.

पुढे ऐका. इथे २०११ पासून कायदा आहे: मातीची तपासणी करून गरज दाखवल्याशिवाय लॉनला फॉस्फरस द्यायचा नाही. १५ नोव्हेंबर ते १ मार्च खतच द्यायचं नाही. पाण्यापासून २५ फूट लांब, ठरावीक यंत्र असेल तर १०. पोत्यावर जे तीन आकडे असतात त्यातला मधला, फॉस्फरसचा, शून्य हवा. हे सगळं मी शेजाऱ्याला फोनवर वाचून दाखवलं, जरा ऐटीतच. मग घरी येऊन गॅरेज उघडलं. माझं लॉनचं पोतं ठीक, मधे शून्य. पण त्याच्या मागे टोमॅटोचं खत, १०-१०-१०. आणि बोनमीलची, म्हणजे हाडाच्या चुऱ्याची पिशवी, ३-१५-०. गुलाब आणि मेथीच्या वाफ्याला तीन वर्षं मुठी मुठीने टाकतोय. वाफा धक्क्यापासून बारा पावलांवर, उताराला.

भाजीपाल्याला कायदा लागू नाही म्हणे. तळ्याला ते माहीत नाही.

आता सगळ्यात अवघड. आई मेपासून आलीय, सांगलीहून. रोज सकाळी धक्क्यावर जाऊन गीजना शिळ्या पोळ्या घालते. ती त्यांना बदकं म्हणते. पहिल्या आठवड्यात सहा होती. आज मोजली, चाळीसच्या वर आहेत आणि धक्क्यावर पाय ठेवायला जागा नाही, हिरव्यापांढऱ्या लेंड्याच लेंड्या. आईला हे कसं सांगू? तिचा इथे दुसरा मित्रपरिवार नाही.

अर्धाकप | १४ जुलै

पोळ्या शिळ्या उरतात कशा हा खरा तपासाचा मुद्दा आहे.

निफाडचा_बागाईतदार | १४ जुलै

हाडाचा चुरा आणि वर १०-१०-१०, मेथीला! आमच्याकडे डीएपी घेताना १८:४६ बघून हात आखडतो, पोत्याला पैसे पडतात. तुमच्याकडे फुकट का? आधी माती तपासा साहेब. मग बोला.

टोलेडोकर | १५ जुलै

+१. आणि सेप्टिक टाक्या? जुन्या तळ्याकाठच्या घरांना सांडपाण्याची लाइन नसते बहुतेक.

काठावरचा | १५ जुलै

नाहीच आहे. सगळी घरं सेप्टिकवर. निम्मी घरं उन्हाळी झोपड्या म्हणून बांधलेली, आठवड्यातून दोन दिवस दोन माणसं अशा हिशोबाची. आता तिथे बारा महिने पाच-पाच माणसं, दोन वॉशिंग मशीन. आमची टाकी शेवटची कधी उपसली ते कागद शोधतोय. कागद शोधावा लागतोय यातच आलं.

सेप्टिक_सिंह | १६ जुलै

आयडी याच विषयासाठी घेतल्यासारखा वाटेल, पण जुना आहे. मी पेनसिल्व्हेनियात घरांची तपासणी करतो. चार-पाच माणसांच्या घराला दर तीन वर्षांनी उपसा धरून चला. सिंकमधलं दळणयंत्र वापरू नका, भाताची पेज आणि तेलकट आमटी टाकीत लोटू नका, शोषखड्ड्याच्या जमिनीवर गाडी लावू नका. टाकी तुंबून वर आली म्हणजेच बिघाड असं नाही. वाळूच्या जमिनीत काहीही न दिसता पाणी खालून तळ्याला जातं. शोषखड्ड्याच्या खालच्या अंगाला एकाच पट्ट्यात गवत जास्त हिरवं दिसतंय का, एवढं बघा.

रंकाळाप्रेमी | १६ जुलै

आईंचं मी सांगतो. थेट बंद करा म्हणू नका. धक्का धुवायला त्यांनाच बरोबर घ्या एक दिवस.

सिएटलवासी | १८ जुलै

इतकं निराश होऊ नका लोकहो, आमच्या लेक वॉशिंग्टनची गोष्ट सांगते. पन्नाशीत इथे भोवतालच्या गावांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी तळ्यात सोडत. १९५५ मध्ये विद्यापीठाच्या लोकांना त्यात ऑसिलेटोरिया नावाचं सायनो सापडलं. एडमंडसन नावाच्या प्राध्यापकांनी तेव्हाच सांगितलं की अमुक होणार. १९५८ मध्ये सांडपाणी वळवण्यासाठी मतदान झालं, पहिल्यांदा पडलं, त्याच वर्षी पुन्हा घेतलं तेव्हा पास झालं. १९६३ ते १९६८ या काळात सगळे पाइप तळ्यापासून दूर नेले. मधल्या काळात पाणी इतकं गढूळ की बुडवलेली चकती एक मीटरच्या आत दिसेनाशी व्हायची. पुढे काही वर्षांतच ती तीन मीटरपर्यंत दिसायला लागली. आज मुलं तिथे पोहतात. औषध कुठलंच टाकलं नाही.

बुरसट | १८ जुलै

सुंदर उदाहरण, फक्त एक सावधगिरी. लेक वॉशिंग्टन खोल आहे, त्यातलं पाणी बदलत राहतं. उथळ तळ्यात तळाच्या गाळात जुना फॉस्फरस लोखंडाला चिकटून बसलेला असतो. उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू संपला की लोखंड तो सोडून देतं. म्हणजे वरून येणारं सगळं आज थांबवलं तरी तळं काही वर्षं आपल्याच साठ्यावर हिरवं होत राहील. कमिटीला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पुढच्या जुलैत 'बटाटेवडेवाल्याचं ऐकून काय मिळालं' म्हणतील.

त्यासाठी अ‍ॅल्युमिनियम सल्फेट टाकतात, आपल्या तुरटीचं सख्खं भावंड. आजी गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची ना, तेच, पण इथे उद्देश गाळ बसवण्यापेक्षा फॉस्फरस कायमचा बांधण्याचा. अ‍ॅल्युमिनियमची पकड प्राणवायू नसतानाही सुटत नाही. मात्र पाण्याचा सामू सांभाळावा लागतो, चुकलं तर मासे जातात. तुमच्या हपॅटकाँगला २०२० मध्ये एका भागात लॅन्थॅनम या धातूची चिकणमाती टाकली होती, तीही याच कामासाठी. पण वरचा नळ उघडा ठेवून हे करणं म्हणजे पैसे बुडवणं. कारंज्याबद्दल विचारलं होतंत: दिसायला छान.

कशाला_उगाच | १९ जुलै

बरं, मोरचूद मागे घेतो. पण एक विचारू? सत्तर घरांपैकी दहांनी ऐकलं तर फरक काय पडणार?

मॅडिसनी | १९ जुलै

पाइपाच्या वरची दहा असतील तर बराच.

काठावरचा | १७ ऑगस्ट

मतदान झालं.

मी भाषण केलं नाही. बरणी नेली. आदल्या रात्री धक्क्यावरून भरली होती, बुरसटताईंच्या पद्धतीने फ्रिजमध्ये ठेवून सकाळी न हलवता गाडीत मांडीवर धरून नेली, गाडी बायकोने चालवली. खाली पाणी जवळपास नितळ, वर बोटभर जाड हिरवी साय. टेबलावर ठेवली. शेजारी वरच्या पाइपातलं पावसाचं पाणी दुसऱ्या बरणीत, आणि माझ्या बोनमीलची पिशवी. ती बघून लोक हसले. मग तीन-चार जणांनी हळूच फोनवर आपापल्या पोत्यांचे फोटो काढून दाखवायला सुरुवात केली. लॉन कंपनीवाल्या शेजाऱ्याने तिथूनच कंपनीला मेसेज केला की मधला आकडा किती आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

पाम आयलंड वाचून दाखवलं. मोरचूद यंदा नको: ३४ विरुद्ध २३. कारंजं: ९ मतं. उत्साही लोक आहेत, पुढच्या वर्षी परत आणणार. सेप्टिक उपशाची एकत्र नोंदणी करून सवलत मागायची, हे एकमताने. बांधकामवाल्याने मातीच्या ढिगाला कापडी कुंपण लावलंय, आठवड्यात दोनदा पडतं. काठापासून दहा फूट गवत न कापता वाढू द्यायचं यावर मात्र भांडण झालं. 'साप येतील' हा मुद्दा इथेही निघतो हे पाहून भरून आलं.

पाटी अजून आहे. परवा वाऱ्याची दिशा बदलली आणि थर समोरच्या काठाला गेला, तिकडच्या लोकांचे फोन आले की अचानक काय झालं.

अर्धाकप | १७ ऑगस्ट

आणि आई?

काठावरचा | १७ ऑगस्ट

रंकाळाप्रेमींचा उपाय केला. बादली, खराटा, आम्ही दोघं. अर्धा धक्का झाल्यावर ती थांबली, खराट्याला टेकून म्हणाली, "एवढं सगळं माझ्या पोळ्यांचं?" मी म्हटलं, माझ्या हाडाच्या चुऱ्याचं पण. ती म्हणाली, तुझं निदान वासाचं नाही. दुसऱ्या दिवशीपासून उरलेल्या पोळ्यांची फोडणीची पोळी. पहिले चार दिवस गीज धक्क्यावर येऊन ओरडायचे, ती आत बसून त्यांना उत्तर द्यायची.

निफाडकर, तुमचं काम पण केलं. रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मेथीच्या वाफ्याची माती पाठवली होती, आज कागद आला. फॉस्फरस: गरजेपेक्षा जास्त. पट्टी रकान्याच्या बाहेर जायची तेवढी राहिलीय.

निफाडचा_बागाईतदार | १८ ऑगस्ट

तेच म्हटलं होतं. तीन-चार वर्षं काही टाकू नका त्यात. पालापाचोळा कुजवून घाला थोडा, तोही काठापासून लांब. मेथी येईल, टोमॅटो येतील.

तिकडे टोमॅटोला भाव काय आहे सध्या?